हिवाळ्याची शिदोरी

उत्तर अमेरिका खंडाच्या पश्चिम भागात, कॅनडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, स्कीना नावाची एक मोठी नदी आहे. हिमाच्छादित पर्वतांत उगम पावून आणि सुमारे ५७० किलोमीटरांचा प्रवास करून ती पॅसिफिक महासागराला मिळते. या नदीच्या व तिच्या उपनद्यांच्या काठी हजारो वर्षांपासून जे लोक राहत आले आहेत, त्यांना गित्क्सान असे म्हणतात. त्यांच्या भाषेत ‘गित्’ म्हणजे लोक, आणि ‘क्सान’ हे त्या नदीचे नाव. नदीकाठचे लोक, एवढाच त्या शब्दाचा साधा अर्थ. नदीच्या नावाचा अर्थ मात्र ‘धुक्याची नदी’ असा सांगतात.

हा प्रदेश पुष्कळ उत्तरेस असल्यामुळे तेथील उन्हाळा अल्पकाळाचा आणि हिवाळा दीर्घ असतो. वर्षाचे कित्येक महिने भूमी बर्फाखाली झाकलेली असते. गित्क्सान लोक पूर्वी धान्याची शेती करीत नसत. मग वर्षभराच्या अन्नाची तरतूद ते कशी करीत? उन्हाळ्यात समुद्रातून नदीत चढून येणारे सामन मासे ते मोठ्या संख्येने पकडीत आणि धुरावर सुकवून ठेवीत. हे त्यांचे मुख्य अन्न होते. परंतु केवळ सुक्या माशांवर मनुष्याचे आरोग्य टिकत नाही. शरीराला जीवनसत्त्वे हवी असतात. जिभेला आंबटगोड चव हवी असते. ही उणीव डोंगरउतारांवर व नदीकाठी येणारी रानफळे भरून काढीत.

येथे एक अडचण होती. रानफळ रसाळ खरे, पण तितकेच नाशवंत. झाडावरून तोडल्यावर दोनचार दिवसांत ते आंबू लागते. दोनतीन महिन्यांत पिकून संपणारे फळ उरलेले सारे वर्ष कसे पुरवावे? गित्क्सान लोकांनी या प्रश्नाचे उत्तर शोधून काढले, आणि तेही धातूचे एकही भांडे जवळ नसताना. विस्तव, दगड, झाडाचे पान आणि माशाचे तेल या चार साध्या गोष्टींच्या साहाय्याने त्यांनी आपली हिवाळ्याची शिदोरी सिद्ध केली. ती कशी सिद्ध होत असे, आणि पुढे तिच्यावर कोणते संकट आले, ते या पाठात पाहावयाचे आहे.

स्कीनेच्या खोऱ्यात रानफळांचे अनेक प्रकार आढळतात. उन्हाळा सुरू होताच रानटी स्ट्रॉबेरी लाल होऊ लागते. त्यानंतर कोरड्या, उघड्या रानातील सोपबेरीची झुडपे तांबूस फळांनी लगडतात. ऑगस्ट महिना उजाडला की डोंगरांच्या उंच उतारांवर काळी हकलबेरी पिकते. हे फळ आपल्याकडील करवंदासारखे काळसर जांभळे, परंतु त्याहून लहान आणि अधिक गोड असते. गित्क्सान भाषेत याला ‘सिम्माय’ म्हणतात. ‘सिम’ म्हणजे खरे आणि ‘माय’ म्हणजे रानफळ. इतकी फळे असताना एकालाच ‘खरे फळ’ म्हणावे, यावरून त्याचे मोल ध्यानात येते. शरद ऋतूत रानसफरचंदे आणि उंच झुडपांवरील आंबट लाल क्रॅनबेरी तयार होतात. अशा रीतीने उन्हाळ्याच्या आरंभापासून थंडी पडेपर्यंत एकामागून एक फळे पिकत जातात, आणि त्यांच्यामागून माणसेही खोऱ्यातून डोंगराकडे सरकत जातात.

ही फळे रानात येत असली तरी ती कोणीही, केव्हाही, कोठूनही तोडावी, असा प्रकार तेथे नव्हता. गित्क्सान समाजाची चार कुळे आहेत. बेडूक, लांडगा आणि गरुड ही तीन कुळे प्राण्यांच्या नावांनी ओळखली जातात, तर चौथ्या कुळाचे नाव ‘फायरवीड’ या गुलाबी फुलांच्या वनस्पतीवरून पडले आहे. प्रत्येक कुळात अनेक घराणी असतात, आणि प्रत्येक घराण्याची भूमी ठरलेली असते. मूल आईच्या घराण्याचे मानले जाते. म्हणून फळांच्या रानावरचा हक्कही आईकडून येतो. घराण्याचा प्रमुख पुरुष असेल किंवा स्त्री असेल; त्या भूमीची राखण करण्याचे दायित्व त्या प्रमुखावर असते. दुसऱ्याच्या भूमीवर जावयाचे तर अनुमती घ्यावी लागे. आपल्या भूमीचा उपयोग करावा, पण तिची नासाडी करू नये, हा त्या व्यवस्थेचा मुख्य नियम होता.

फळे वेचण्याचे काम बहुतांशी स्त्रिया आणि मुले करीत. हकलबेरीच्या दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावर मुक्कामाला जात. पाठीवर मोठी टोपली, कमरेला लहान टोपली, असा सरंजाम असे. कमरेची टोपली भरली की ती पाठीवरच्या टोपलीत रिती करावयाची. या टोपल्या सीडर वृक्षाच्या सालीच्या किंवा भूर्जवृक्षाच्या सालीच्या केलेल्या असत. भारतात ज्या जातीच्या वृक्षाच्या सालीवर प्राचीन ग्रंथ लिहिले गेले, त्याच जातीच्या वृक्षाची साल तेथे फळे वाहून नेण्याच्या कामी आली. अस्वलांनाही हकलबेरी फार प्रिय असते. म्हणून वेचणारे लोक सावध राहत आणि एकमेकांशी मोठ्याने बोलत.

सोपबेरी वेचण्याची पद्धत मात्र वेगळी. हे फळ वाटाण्याहूनही लहान आणि इतके नाजूक असते की, बोटांनी तोडू गेल्यास ते चिरडते. म्हणून झुडपाखाली चटई किंवा कापड अंथरून फांदीवर काठीने हलके हलके मारीत. पिकलेली फळे टपटप खाली पडत. कच्ची फळे फांदीवरच राहत. मग त्यांतील पाने आणि काटक्या वेचून काढीत.

फळे गोळा झाली की ती टिकविण्याचे काम सुरू होई. त्यासाठी प्रथम ती शिजवावी लागत. धातूचे भांडे नाही, मातीचे मडकेही नाही; तर मग शिजवावयाचे कशात? त्याचे उत्तर लाकडी पेटीत होते. सीडरच्या एका लांब, सरळ फळीला तीन ठिकाणी खाचा पाडीत, त्या खाचा वाफेने मऊ करीत आणि फळी वाकवून तिच्या चार बाजू करीत. चौथा कोपरा खुंट्यांनी किंवा मुळांच्या दोरीने शिवून टाकीत आणि तळाला घट्ट लाकूड बसवीत. ही पेटी अशी नेटकी होई की, तिच्यातून पाण्याचा थेंबही गळत नसे. पण लाकडी पेटी चुलीवर ठेवता येत नाही. म्हणून पेटी विस्तवावर न ठेवता, विस्तवच पेटीत नेण्याची युक्ती त्यांनी काढली. गोल गुळगुळीत दगड विस्तवात लाल होईपर्यंत तापवीत, ते लाकडी चिमट्याने उचलून पाण्यात झटकन बुडवून त्यांवरची राख धुऊन काढीत आणि फळांच्या पेटीत सोडीत. थंड झालेले दगड काढून तापलेले दगड घालीत राहिले की फळे खदखदू लागत आणि त्यांचा दाट लगदा तयार होई.

पुढची पायरी वाळवण्याची. लाकडी पट्ट्यांची एक मांडणी करून तिच्यावर मोठी हिरवी पाने अंथरीत. या कामी दलदलीत वाढणाऱ्या स्कंक कॅबेज नावाच्या वनस्पतीची पाने फार उपयोगी पडत. ही वनस्पती आपल्या अळूच्या कुळातील आहे. तिचे पान हातभराहून लांब आणि चांगलेच रुंद असते. कच्चे अळू खाल्ल्यास घशाला खाज सुटते. तसाच दोष या पानातही आहे. म्हणून ते खाण्यासाठी नव्हे, तर केवळ अंथरण्यासाठी वापरीत. पानांवर फळांचा लगदा सारखा पसरून मांडणीखाली मंद विस्तव ठेवीत. पेटीत उरलेला रस टाकून देत नसत. वाळणाऱ्या थरावर तो पुन्हा पुन्हा ओतीत, म्हणजे गोडी वाया जात नसे. काही दिवसांनी चिवट, काळसर पोळी तयार होई. कोकणात उन्हात वाळविलेली आंबापोळी किंवा फणसपोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या पोळीची कल्पना सहज करता येईल. कोकणातले ऊन मात्र स्कीनेच्या खोऱ्यात नाही. तेथे सूर्याचे काम विस्तवाला करावे लागे, आणि तो भडकू नये वा विझू नये म्हणून रात्रंदिवस कोणी तरी जागे राहावे लागे.

वाळलेल्या पोळ्या गुंडाळून सीडरच्या पेट्यांत कोरड्या जागी ठेवीत. हिवाळ्यात हवा तेवढा तुकडा मोडून रात्रभर पाण्यात भिजत घालीत. सकाळी तो फुगून मऊ होई. मग त्यात माशाचे तेल कालवून तो पदार्थ खात.

फळात माशाचे तेल! हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. परंतु थंड प्रदेशात शरीराची ऊब राखण्यासाठी स्निग्ध पदार्थ अत्यंत आवश्यक असतात, आणि आपल्याकडे जे स्थान तुपाला आहे, ते तेथे या तेलाला होते. हे तेल ऊलिकन नावाच्या वीतभर लांबीच्या माशापासून काढतात. या माशात इतका स्निग्धांश असतो की, वाळवून त्याचे एक टोक पेटविले तर तो मेणबत्तीसारखा जळतो. हिवाळ्याच्या अखेरीस, साठविलेले अन्न संपत आलेले असताना, ऊलिकनचे थवे समुद्रातून नास नदीत शिरतात. त्या नदीच्या काठी निस्गा लोक राहतात. मासे काही दिवस मुरवून, पाण्यात मंद आचेवर तापवून, वर येणारे तेल ते काढून घेतात. थंडीत हे तेल तुपासारखे थिजते.

हे तेल मिळविण्यासाठी गित्क्सान लोक डोंगर ओलांडून नास नदीकडे जात. जाताना ते वाळविलेली रानफळे नेत. कारण सोपबेरीसारखे फळ समुद्रकाठच्या दमट प्रदेशात क्वचितच येते. येताना पाठीवर तेलाच्या लाकडी पेट्या असत. हे दळणवळण इतके मोठे होते की, त्या पायवाटांना ‘तेलाच्या वाटा’ असेच नाव पडले. फळ आणि तेल यांच्या देवघेवीने दोन नद्यांच्या काठचे लोक एकमेकांशी जोडले गेले.

काही फळे वाळवावी लागत नसत. रानसफरचंद आणि लाल क्रॅनबेरी ही फळे इतकी आंबट असतात की, ती पाण्यात किंवा तेलात बुडवून पेटीत ठेवली तर महिनोन्महिने टिकतात. थंडीने ती हळूहळू मऊ होत आणि त्यांचा तिखटपणा कमी होई. कोणते फळ वाळवावे, कोणते पाण्यात ठेवावे, कोणते तेलात ठेवावे, याचे हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते. आजी नातीला हाताशी घेई आणि नात पाहून पाहून शिके.

आता सोपबेरीची गंमत पाहू. गित्क्सान लोक या फळाला ‘इस्’ म्हणतात. ते चवीला चांगलेच कडवट असते. पण त्याचा एक विलक्षण गुण आहे. मूठभर फळे भांड्यात घेऊन, थोडे पाणी घालून, ती हाताने किंवा झाडाच्या अंतर्सालीच्या कुंच्याने जोराने घुसळली की फेस येऊ लागतो. पाहता पाहता तो फेस वाढत जातो, दाट होतो आणि सारे भांडे फिकट गुलाबी फेसाने भरून जाते. याचे कारण असे की, या फळात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. आपल्याकडील रिठ्यातही याच वर्गातील द्रव्य असते. म्हणून रिठे पाण्यात चोळले की फेस येतो. रिठ्याचा फेस आपण कपडे आणि केस धुण्यासाठी वापरतो. गित्क्सान लोक सोपबेरीचा फेस मेजवानीत वाढतात. त्यात पूर्वी गोड रानफळे मिसळीत. साखर आल्यावर साखर घालू लागले. खाण्यासाठी चपट्या, वल्ह्यासारख्या आकाराच्या लाकडी चमच्यांचा उपयोग करीत. फेस फार खाल्ला तर पोट बिघडते, म्हणून तो बेतानेच खावयाचा असतो.

या पदार्थाचा एक कडक नियम आहे. भांड्याला, हाताला किंवा कुंच्याला तेलाचा किंचितही अंश लागलेला असता कामा नये. तेलाचा एक थेंब पडला तरी फेस चढत नाही. ज्या घरात जवळजवळ प्रत्येक फळात तेल कालविले जाई, त्याच घरात या एका फळासाठी निराळे, निर्मळ भांडे राखून ठेवावे लागे. जे तेल हकलबेरीचा मित्र, तेच सोपबेरीचा शत्रू! हा भेद ज्याला कळला, त्यालाच तो पदार्थ साधला.

गित्क्सान समाजात मेजवानी हा केवळ खाण्यापिण्याचा प्रसंग नसतो. कोणी मृत्यू पावले, कोणाला पूर्वजांचे नाव द्यावयाचे असले, भूमीचा अधिकार एका प्रमुखाकडून दुसऱ्याकडे जावयाचा असला, म्हणजे सर्व घराण्यांना बोलावून मोठे संमेलन भरवितात. जमलेले पाहुणे त्या घटनेचे साक्षीदार असतात. यजमान घराणे त्यांना अन्न व भेटवस्तू देते. आपल्या भूमीवरील फळे पाहुण्यांना वाढणे म्हणजे, ‘ही भूमी आमची आहे आणि आम्ही तिची नीट राखण करीत आहोत,’ हे सर्वांसमक्ष दाखवून देणे होय. ज्या समाजात लेखी दस्तऐवज नव्हते, तेथे फळांनी भरलेले पात्र हाच एक दस्तऐवज होता.

बाहेरून आलेल्या युरोपीय लोकांना हे सारे ‘रान’ वाटले. मनुष्याचा हात न लागलेले अरण्य, असे त्यांनी त्याचे वर्णन केले. वस्तुस्थिती तशी नव्हती. हकलबेरीच्या झुडपाला उजेड लागतो. डोंगरउतारावर मोठे वृक्ष दाट वाढले आणि त्यांची सावली पडली की झुडपे जगतात, पण फळ धरीत नाहीत. म्हणून गित्क्सान लोक काही वर्षांच्या अंतराने फळांच्या रानाला जाणूनबुजून आग लावीत. ही आग म्हणजे वणवा नव्हे. जमिनीत ओल किती आहे, वारा कोणता आहे, पाऊस केव्हा येईल, हे सारे अनुभवी वृद्ध पाहत आणि मगच अनुज्ञा देत. अशी हलकी आग वरचा झाडोरा जाळून टाकी. परंतु हकलबेरीची आडवी खोडे भूमीच्या आत सुरक्षित राहत. त्यांना नवे कोंब फुटत आणि काही वर्षांनी तो उतार पुन्हा फळांनी काळा होऊन जाई. फळे रानातली होती, पण रान मात्र सांभाळलेले होते. लेस्ली मेन जॉन्सन या संशोधिकेने गित्क्सान आणि शेजारच्या वेत्सुवेतेन लोकांच्या या प्रथेचा अभ्यास केला आणि १९९४ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला.

परंतु तोपर्यंत फार उशीर झाला होता. ब्रिटिश कोलंबियात १८७४ सालीच रानातील आगींसंबंधी कायदा झाला होता. पुढे विसाव्या शतकात सरकारी वनखात्याने इमारती लाकूड वाचविण्यासाठी सर्वच आगींना कडक बंदी केली. वणवा आणि निगेची आग यांत त्या खात्याने भेद केला नाही. परिणाम असा झाला की, आजींच्या ओळखीचे फळांचे उतार हळूहळू वृक्षांच्या सावलीखाली गेले. जेथे पूर्वी टोपल्या भरत, तेथे ओंजळही भरेना.

संकट एवढ्यावरच थांबले नाही. १८८४ साली कॅनडाच्या सरकारने एक कायदा करून अशा मेजवान्यांवरच बंदी घातली. संपत्ती वाटून टाकण्याची ही चाल म्हणजे उधळपट्टी आहे, असे राज्यकर्त्यांना वाटले. ही बंदी १९५१ सालापर्यंत कायद्यात राहिली. म्हणजे सहासष्ट-सदुसष्ट वर्षे पाहुण्यांना उघडपणे पंक्तीला बसविणे हाच अपराध ठरला. त्याच काळात अनेक मुलांना घरापासून दूरच्या वसतिशाळांत नेण्यात आले. तेथे त्यांना स्वतःची भाषा बोलण्याची मनाई असे. जी नात आजीजवळ बसून फळे वाळविणे शिकावयाची, ती आजीपासून दुरावली. कोठे जावे, केव्हा तोडावे, विस्तव किती ठेवावा, हे सांगणारे शब्दच तिला परके झाले. पदार्थ विसरला जातो तो असा. जीभ तो विसरते त्याआधी हात विसरतात, आणि हातांच्याही आधी भाषा विसरली जाते.

तरीही ही विद्या संपूर्ण नष्ट झाली नाही. बंदीच्या काळातही गित्क्सान लोकांनी आपली संमेलने सोडली नाहीत. पुढे हेझल्टन गावाजवळ, जेथे बल्कली नदी स्कीनेला मिळते तेथे, १९७० साली ‘क्सान’ नावाचे एक ऐतिहासिक ग्राम उभारण्यात आले. तेथील लोकांनी वृद्ध स्त्रीपुरुषांजवळ बसून त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या. कोणते फळ केव्हा पिकते, पेटीत दगड कसे घालावयाचे, पोळी कशी वाळवावयाची, फेस कसा चढवावयाचा, ही सारी माहिती एकत्र करून १९८० साली गित्क्सानांच्या अन्नपरंपरेवरील एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर एका लेखकाचे नाव नव्हते. तो क्सानच्या लोकांनी मिळून सिद्ध केला होता. जे ज्ञान सर्वांनी मिळून राखले, ते लिहितानाही सर्वांनी मिळूनच लिहिले.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९८४ साली, गित्क्सान आणि वेत्सुवेतेन प्रमुखांनी सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर भूमीवरील आपल्या हक्कासाठी न्यायालयात दावा लावला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढे भरते. लेखी कागद दाखवा, असे कोणी म्हणाले तर त्यांच्याजवळ काय होते? पूर्वजांच्या कथा होत्या, घराण्यांची गीते होती, डोंगर-ओढ्यांची नावे होती आणि त्या भूमीचा उपयोग पिढ्यान्पिढ्या कसा होत आला याची तोंडी साक्ष होती. वृद्धांनी न्यायालयात उभे राहून ती साक्ष दिली. १९९१ साली न्यायाधीशांनी त्यांचा दावा फेटाळला. प्रमुख खचले नाहीत. ते कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ११ डिसेंबर १९९७ रोजी त्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, आदिवासी लोकांचा भूमीवरील मूळ हक्क कायद्याला मान्य आहे, आणि तो सिद्ध करताना मौखिक इतिहासालाही पुराव्याचे योग्य स्थान दिले पाहिजे. भूमी कोणाची, याचा अंतिम निकाल त्या दिवशी लागला नाही. नव्याने सुनावणी व्हावी, असे न्यायालयाने सांगितले. तथापि ज्या साक्षीला पूर्वी केवळ दंतकथा मानले गेले होते, तिला न्यायाच्या दरबारात आसन मिळाले.

आज गित्क्सान लोकांच्या घरांतही काचेच्या बरण्या आहेत आणि शीतपेट्या आहेत. हकलबेरी आता बरणीत भरून किंवा गोठवून ठेवतात. दगड तापवीत बसण्याचे कारण उरलेले नाही. उन्हाळ्यात मात्र कुटुंबे अद्यापि फळे वेचावयास जातात, आणि सोपबेरीचा गुलाबी फेस अजूनही घुसळला जातो. त्या वेळी भांडे स्वच्छ धुऊन, पुसून, तेलाचा अंश राहिला नाही ना, हे पुन्हा एकदा पाहिले जाते. घरातील साधने बदलली, तरी तो नियम बदललेला नाही.

रानात फळ पिकते ते निसर्गाच्या कृपेने; परंतु ते हिवाळ्यापर्यंत पोचते ते माणसाच्या ज्ञानाने. त्या ज्ञानाला राखण लागते, जशी फळांच्या रानाला लागते. सावली दाट झाली की झुडूप मरत नाही, पण फळ धरीत नाही. पुन्हा उजेड मिळाला, की ते पुन्हा बहरते. स्कीनेच्या काठचे लोक आपल्या मुलांना आज भाषा शिकवीत आहेत, आणि फळांची नावेही त्या भाषेतच शिकवीत आहेत.

स्वाध्याय

१. गित्क्सान लोकांना हिवाळ्यासाठी फळे टिकवून ठेवण्याची गरज का होती?

२. लाकडी पेटीत फळे कशी शिजवीत, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. माशाच्या तेलाला हकलबेरीचा मित्र आणि सोपबेरीचा शत्रू का म्हटले आहे?

४. वणवा आणि फळांच्या रानाला लावलेली आग यांत कोणता फरक होता? तो लक्षात न घेतल्यामुळे काय घडले?

५. ‘फळांनी भरलेले पात्र हाच एक दस्तऐवज होता,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : नाशवंत, तरतूद, दळणवळण, मौखिक, साक्षीदार.

७. घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून, वर्षभर टिकणारा एखादा पदार्थ पूर्वी कसा करीत असत, त्याची माहिती दहा-बारा ओळींत लिहा. त्यातील जे शब्द तुम्हांला नवे वाटले, ते अधोरेखित करा.